दोन नावे, एक काम

विमानात प्रवाशांची देखभाल करणाऱ्या स्त्रीला आपल्या भाषेने दोन नावे दिली. आधी ती ‘हवाई सुंदरी’ होती. पुढे वृत्तपत्रांतून ‘विमानसेविका’ हा शब्द रूढ झाला. भाषेची अध्यापिका म्हणून मला या दोन्ही शब्दांविषयी नेहमीच कुतूहल वाटत आले आहे. पहिला शब्द तिच्या रूपाकडे पाहतो, दुसरा तिच्या हातातील चहाच्या पेल्याकडे. परंतु ज्या कामासाठी नियमाने तिला विमानात ठेवलेले असते, ते काम या दोन्ही शब्दांतून निसटते. या व्यवसायातील लाभ आणि हानी यांचा विचार करताना हे निसटलेले काम आधी शोधावे लागते, असे मला वाटते.

असा विचार करण्याची वेळ माझ्यावर आली ती शेजारच्या एका मुलीमुळे. आमच्या जबलपुरात नोकरी म्हटली की लोकांच्या डोळ्यांसमोर काही ठरावीक दारे येतात. 1904 पासूनची तोफगाडी निर्माणी, 1969 मध्ये सुरू झालेली वाहन निर्माणी, रेल्वे, वीज मंडळ आणि उच्च न्यायालय. नागपूरकर भोसल्यांच्या अमलाच्या काळापासून या गावात मराठी माणसांचा वावर आहे. पुढे रेल्वे आणि निर्माण्यांनी आणखी कितीतरी मराठी घरे येथे वसवली. या घरांत ‘पक्की नोकरी’ हा शब्द जवळजवळ देवघरातल्या समईसारखा जपला जातो. त्यामुळे त्या मुलीने विमानात नोकरी करण्याचा मनोदय सांगितला, तेव्हा तिच्या आईचा चेहरा उतरला, यात नवल नव्हते.

ती माउली निर्माणीत लिपिक होती. पतीच्या अकाली निधनानंतर अनुकंपा तत्त्वावर मिळालेल्या त्या नोकरीने तिचे घर सावरले होते. त्या पडत्या काळात मुलीची शाळा सुटली. धाकट्या भावाला सांभाळत तिने पुढे मुक्त विद्यालयातून बारावीची परीक्षा दिली आणि ती उत्तीर्ण झाली. आता शहरातील एका खासगी प्रशिक्षण संस्थेचे चकचकीत माहितीपत्रक घेऊन मायलेकी माझ्याकडे आल्या होत्या. संस्थेचे शुल्क आईच्या कित्येक महिन्यांच्या पगाराइतके होते.

“ताई, तुम्हीच सांगा हिला,” आई म्हणाली. “रेल्वेची परीक्षा दे म्हणते मी. ही म्हणते, उडायचंच आहे.”

“काकू, मी परीक्षाही देईन,” मुलगी शांतपणे म्हणाली. “पण आधी हे काम नेमकं काय आहे, ते तरी कळू द्या.”

तिचे म्हणणे मला पटले. कोणत्याही कामाला होकार किंवा नकार देण्यापूर्वी त्याची माहिती करून घेणे हाच शहाणपणाचा मार्ग होय. पुढचे काही दिवस आम्ही तिघींनी मिळून तो अभ्यास केला.

पहिली माहिती दिलासा देणारी होती. या नोकरीसाठी वय किमान अठरा, शिक्षण बारावीपर्यंत आणि हिंदी-इंग्रजीत सहज बोलता येणे, एवढी पात्रता सर्वसाधारणपणे पुरते. मुलींसाठी बहुतेक कंपन्या सुमारे 155 सेंटिमीटर उंचीची अटही घालतात. मुक्त विद्यालयाचे बारावीचे प्रमाणपत्र इतर मंडळांच्या प्रमाणपत्राइतकेच ग्राह्य असते. दुसरी माहिती तर पैसे वाचवणारी निघाली. उमेदवाराची निवड झाल्यावर विमान कंपनी तिला स्वतःच्या व्यवस्थेत प्रशिक्षण देते आणि विमानात काम करण्यासाठी तेच प्रशिक्षण आवश्यक असते. खासगी संस्थेची पदविका ही काही नोकरीची अट नव्हे. माहितीपत्रक मिटवून आईने ते पिशवीत ठेवले, तेव्हा तिच्या मनावरचे अर्धे ओझे उतरलेले दिसले.

मग आम्ही ‘सुंदरी’ या शब्दाकडे वळलो. जगातील पहिली विमानसेविका एलेन चर्च ही 1930 मध्ये अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोहून शिकागोकडे जाणाऱ्या विमानात कामाला लागली. ती व्यवसायाने परिचारिका होती आणि तिला विमान चालवण्याचेही ज्ञान होते. म्हणजे या कामाचा आरंभ रूपापासून नव्हे, तर शुश्रूषेपासून झाला. तरीही वय, वजन आणि अविवाहित असणे या अटी त्याला तेव्हापासूनच चिकटल्या. आपल्या देशातही एअर इंडियाच्या नियमानुसार एके काळी विमानसेविकेला वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, किंवा नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत विवाह केल्यास, किंवा पहिल्या गर्भारपणी, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा, निवृत्त व्हावे लागे. त्याच विमानात काम करणारे पुरुष मात्र अठ्ठावन्न वर्षांपर्यंत नोकरीत राहत. नर्गेश मिर्झा यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1981 मध्ये गर्भारपणाची अट रद्द केली. चार वर्षांपर्यंतच्या विवाहबंदीची अट मात्र त्या निकालात टिकून राहिली. पुढच्या काळात हे नियम पायरीपायरीने बदलले. तरीसुद्धा वजन, चेहरा, केशरचना यांवरील करडी नजर आजही या व्यवसायात असतेच. स्वतःच्या शरीराचे मोजमाप कोणीतरी सतत घेत आहे, ही जाणीव सोसण्याची तयारी असावी लागते.

‘सेविका’ या शब्दामागेही एक अडचण दडली आहे. सेवा करणे मुळीच कमीपणाचे नाही. परंतु सेवा करणाऱ्याला हलके लेखण्याची आपली सवय जुनी आहे. तिकिटाचे पैसे मोजले म्हणजे समोरच्या माणसाचा मानही विकत घेतला, असे काही प्रवाशांना वाटते. ओरडणे, अंगचटीला येणे, परवानगीवाचून छायाचित्र काढणे अशा प्रसंगांना या मुलींना तोंड द्यावे लागते. 2017 मध्ये आपल्या देशात उद्दाम प्रवाशांसंबंधी नियम करण्यात आले. त्यांनुसार शाब्दिक गैरवर्तनासाठी तीन महिन्यांपर्यंत, शारीरिक गैरवर्तनासाठी सहा महिन्यांपर्यंत आणि जिवावर बेतणाऱ्या वर्तनासाठी दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ विमानप्रवासाची बंदी ठरवली गेली. नियमाचा आधार मिळाला, हे चांगलेच झाले. परंतु भर आकाशात, दूर असलेल्या जमिनीवरचा तो नियम आठवून चेहऱ्यावरचे हसू टिकवणे सोपे नसते.

आता त्या निसटलेल्या कामाविषयी. विमानातील सेवकवर्गाची संख्या जेवणाच्या ताटांवरून नव्हे, तर आसनांवरून ठरते. प्रत्येक पन्नास आसनांमागे किमान एक, असा आपल्याकडे नियम आहे. प्रवासी विमानाला मान्यता मिळण्यासाठी अर्धेच दरवाजे वापरून सर्व माणसे नव्वद सेकंदांत बाहेर पडू शकतात, हे सिद्ध करावे लागते. संकटाच्या वेळी ही माणसे बाहेर काढणे हेच या मुलामुलींचे मुख्य कर्तव्य. म्हणून त्यांना आग विझवणे, प्राथमिक उपचार, छातीवर दाब देऊन बंद पडलेले हृदय चालू करणे, विमान पाण्यावर उतरल्यास काय करावे, हे सारे शिकवले जाते आणि ठरावीक काळाने त्याची पुन्हा परीक्षा घेतली जाते.

2 जानेवारी 2024 रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर उतरणाऱ्या प्रवासी विमानाची दुसऱ्या विमानाशी टक्कर झाली आणि ते पेटले. ध्वनिक्षेपक बंद पडला होता. सेवकवर्गाने हातातील भोंग्यांवरून आणि ओरडून सूचना दिल्या. विमानातील सर्वच्या सर्व 379 माणसे जिवंत बाहेर आली. मुंबईत वाढलेल्या नीरजा भनोट यांचे नाव तर आपण सर्वांनी ऐकलेले असते. 5 सप्टेंबर 1986 रोजी कराचीत अपहृत झालेल्या विमानात त्यांनी प्रथम वैमानिकांना सावध केले आणि सुमारे सतरा तासांनंतर गोळीबार सुरू होताच दार उघडून प्रवाशांना बाहेर पडण्यास मदत केली. त्यात त्यांना वीरमरण आले; तेविसावा वाढदिवस अवघ्या दोन दिवसांवर होता. शासनाने त्यांना मरणोत्तर अशोकचक्र दिले. इतके दूर कशाला, 12 मार्च 2022 रोजी आमच्याच डुमना विमानतळावर दिल्लीहून आलेले विमान उतरताना धावपट्टी सोडून पुढे गेले. आत पन्नासहून अधिक प्रवासी होते. सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही. ही बातमी आईने वाचली होती. परंतु अशा क्षणी दाराशी कोण उभे असते, हा विचार तिने तोवर केला नव्हता.

लाभ आणि हानी यांचा ताळेबंद मांडताना आम्ही काहीही लपवले नाही. बारावीनंतर लगेच बऱ्यापैकी वेतन, नवनवी शहरे, भाषेचा सराव, अनोळखी माणसांशी बोलण्याचा धीर आणि प्रवासातील सवलती या एका बाजूला. दुसऱ्या बाजूला शरीरावरचा ताण. उंचावर विमानातील हवेचा दाब सुमारे 1800 ते 2400 मीटर उंचीच्या डोंगरावर असावा तेवढाच असतो. म्हणजे जवळजवळ पचमढीच्या दुप्पट उंचीवर रोज उभे राहून काम करायचे. हवा कोरडी, झोप अवेळी, जेवण अनियमित. सण-समारंभ इतरांचे, पाळी आपली. वेतनाचा मोठा भाग उड्डाणाच्या तासांवर अवलंबून असतो. जमिनीवर गेलेल्या वेळेचा पुरता मोबदला मिळतोच असे नाही. ऑगस्ट 2025 मध्ये कॅनडात हजारो विमानसेवकांनी मुख्यतः याच प्रश्नावर संप केला. शिवाय कंपनीचे भवितव्यही आपल्या हाती नसते. 17 एप्रिल 2019 रोजी जेट एअरवेज बंद पडली आणि तिच्या हजारो कर्मचाऱ्यांची नोकरी गेली. करोनाच्या साथीत 2020 मध्ये देशांतर्गत विमानेच दोन महिने जमिनीवर होती.

हे ऐकून आई म्हणाली, “मग आमची निर्माणीच बरी!” पण क्षणभराने तीच पुढे म्हणाली, “तसं पाहिलं तर आमच्याही निर्माण्यांच्या कंपन्या झाल्याच की 2021 मध्ये. पक्कं म्हणजे तरी काय, ताई?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

मुलीने अर्ज केला. पहिल्या मुलाखतीत ती नापास झाली, दुसऱ्या वेळी निवडली गेली. आईच्या सल्ल्यावरून तिने मुक्त विद्यापीठात पदवीसाठीही नाव घातले. कारण हे काम आयुष्यभर निभेलच असे नाही, हे तिने मनाशी धरले होते. गेली दोन वर्षे ती देशांतर्गत विमानांवर काम करते. भावाचे शुल्क ती भरते. गेल्या दोन्ही वर्षी गणपती विसर्जनाला ग्वारीघाटावर तिला येता आले नाही. मध्यंतरी आई तापाने चार दिवस अंथरुणावर होती. ते तिला तिसऱ्या दिवशी कळले. पोळी लाटता लाटता आईने हे मला सांगितले, तेव्हा तिच्या स्वरात तक्रार नव्हती. पण तिने पोळी तव्यावर टाकायला जरा उशीर केला.

12 जून 2025 रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले विमान उड्डाणानंतर लगेचच कोसळले. विमानातील 242 जणांपैकी एकच प्रवासी वाचला. मृतांमध्ये सेवकवर्गातील दहा जण होते. त्यांत मुंबईच्या आसपासच्या मराठी घरांतील मुलीही होत्या. आपली मुलगी त्या कंपनीत नाही, त्या मार्गावर नाही, हे आईला पुरते ठाऊक होते. तरीही ती दुपारपासून फोन लावत राहिली. मुलगी स्वतः आकाशात असल्याने फोन बंद होता. संध्याकाळी सात वाजता तिचा आवाज ऐकू आला, तेव्हा आई एवढेच म्हणाली, “जेवलीस का?”

दुसऱ्या दिवशी पहाटे मुलीची पाळी होती. “आज नको जाऊस,” असे म्हणावे, हे आईच्या ओठांवर आले होते. पण मुलगीच म्हणाली, “आई, आज प्रवासी जास्त घाबरलेले असतील.” आणि ती कामावर गेली.

त्या एका वाक्यात तिने आपल्या व्यवसायाची व्याख्या केली, असे मला वाटते. या नोकरीचे वेतन, प्रवास आणि गणवेश यांचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. तिच्यातील कष्ट, अनिश्चितता आणि धोका यांची भीती वाटणेही तितकेच स्वाभाविक आहे. परंतु केवळ आकर्षणापोटी जी जाईल, तिला पहिल्याच वर्षी कष्ट जड वाटू लागतील. आणि केवळ भीतीपोटी जी मागे राहील, तिला कदाचित आपल्या जोगे काम कधी गवसणार नाही. घाबरलेल्या माणसाजवळ स्थिर उभे राहणे आपल्याला जमेल का, हा प्रश्न जिने आधी स्वतःला विचारला, तिचाच निर्णय टिकतो. ज्या दिवशी आपण प्रवासी तिला ‘सुंदरी’ किंवा नुसती ‘सेविका’ न मानता आपल्या जिवाची जबाबदारी घेतलेली व्यक्ती मानू लागू, त्या दिवशी भाषेलाही तिच्यासाठी अधिक योग्य शब्द सुचेल. तोपर्यंत तिने दाराशी उभे राहून नमस्कार केला, तर आपण मान वर करून त्याला उत्तर द्यावे, एवढे तर आपल्या हाती आहे.