भार कुठं येतो

माथेरानच्या दस्तुरी नाक्यावर घोड्यावर बसायला निघालेल्या एका बाईंच्या गळ्यात रेशमी रुमाल होता. रुमालभर लगाम, रिकिबी, चामडी पट्टे छापलेले. खरा की फुटपाथवरचा, देव जाणे. शेजारी घोडेवाला खऱ्या घोड्याचा तंग आवळत होता. बाईंना घोड्याचा वास सोसेना, त्यांनी तोच रुमाल नाकाला लावला.

नक्षी एर्मेस घराण्याच्या वळणाची. 1837 साली तिएरी एर्मेसने पॅरिसात कारखाना घातला तो घोड्यांचा साज करायला. खरं गिऱ्हाईक घोडाच, पैसे तेवढे माणूस मोजायचा. पुढे मोटारी आल्या, पागा ओस पडू लागल्या आणि नातू एमिल-मोरिसने तेच चामडं, तीच शिवण बॅगांकडे वळवली. खोगीर आणि बूट न्यायची उंच पिशवी घराण्यात होतीच. 1984 ची बर्किन बॅग तिच्याच कुळातली. गुचीवाल्यांनी 1953 मध्ये घोड्याच्या तोंडातलं कडियाळं बुटावर बसवलं. ते मला दिखाऊ वाटतं. एर्मेसच्या शिवणीचं तसं नाही.

एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया. दोऱ्याला मेण. आरीने भोक पाडायचं आणि त्याच भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून काढायच्या. एखादा टाका तुटला तरी शेजारचे धरून राहतात. यंत्राची शिवण मात्र एकदा सुटली की उसवतच जाते.

कर्जत स्टेशनाबाहेर एक म्हातारबाबा असेच शिवायचे. माझ्या दप्तराचा पट्टा तुटला तेव्हा आई म्हणाली, नवं घेऊ. वडील म्हणाले, आधी बाबांना दाखव. बाबांनी पट्टा गुडघ्यांत धरला, जुनी शिवण नखाने उचकटली आणि म्हणाले, "हे शिवलंय होय? नुसतं टोचलंय." मग मेणाच्या गोळ्यावरून दोरा सरसर ओढला. प्रत्येक टाक्याला दोन्ही हात एकदम बाहेर जायचे, उल्हास नदीत पोहणाऱ्या पोरांसारखे. मागून लोकलची घोषणा, वडापावचा घाणा, बाबांचं लक्ष नाही. मी म्हटलं, "बाबा, वरपर्यंत शिवा ना, छान दिसेल." ते म्हणाले, "दिसायचं नंतर. भार कुठं येतो ते बघ आधी." भार यायचा तिथे त्यांनी दुहेरी शिवण घातली, बाकीचा पट्टा तसाच सोडला. मला ते अर्धवट वाटलं, शाळेत लाजही वाटली. दप्तर दहावीच्या आधीच फाटलं. पट्टा राहिला. बंबाच्या लाकडांची मोळी बांधायला आईने तो बरीच वर्षं वापरला.

मुंबईत हॉर्निमन सर्कलला एर्मेसचं दुकान आहे. 2015 मध्ये हायकोर्टाने शहरातल्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवल्या. एर्मेसच्या खोक्यावरच्या बोधचिन्हात मात्र बग्गी शाबूत आहे. घोडा जुंपलेला, पुढ्यात उंच टोपी घातलेला मोतद्दार उभा. मालक चित्रात नाहीच. ती जागा गिऱ्हाइकाची, असं समजायचं. लाखो रुपये मोजणाऱ्याला ते पटतही असेल. माझी नजर मोतद्दारावरच अडते. टोपी झकास, बूट झकास. पगार काय देत होते कोण जाणे.