रतनवाडीचा कोरा रोल

अहिल्यानगर जिल्हा म्हटला की ऊस, ज्वारी आणि दुष्काळ एवढेच डोळ्यांपुढे येते. पण अकोले तालुक्याचे पश्चिम टोक पाहिले नसेल, तर आपल्या जिल्ह्याची निराळीच बाजू पाहायची राहिली असे समजा.

राजूर सोडून शेंडीला पोहोचलात की भंडारदऱ्याचे धरण लागते. प्रवरेवरचे हे दगडी धरण 1926 साली पुरे झाले. खालच्या अंगाला जो ऊस उभा राहिला, तो याच पाण्यावर. जलाशयाला वळसा घालून गेलात की रतनगडाच्या पायथ्याशी रतनवाडी येते. अमृतेश्वराचे कोरीव देऊळ, शेजारी पुष्करणी आणि भोवताली भाताची खाचरे. वर वरकस जमिनीत नागली आणि वरई.

1996 साली मी चारसूत्री भातलागवडीच्या कामासाठी या भागात हिंडत होतो. गळ्यात पस्तीस मिलिमीटरचा लहान कॅमेरा असे. त्यात काळ्या-पांढऱ्या फिल्मचा रोल, फोटो छत्तीस. एकेक चित्र काडेपेटीपेक्षाही लहान, म्हणून हात हलता कामा नये. लख्ख उन्हात 100 एएसएच्या रोलला छिद्र 16 आणि वेग सेकंदाचा एकशेपंचविसावा भाग, हा हिशेब पाठ होता. हिरवे भात आणि तांबडी माती या रोलवर सारखीच करडी उमटते. म्हणून रंग विसरून ऊन-सावली पाहायची. भिंगापुढे पिवळी काच लावली की आभाळ गडद होऊन ढग उठून दिसतात. रतनगडावरचे ढग मी असेच टिपले.

रोल घरीच धूत असे. रात्री मोरीच्या खिडकीला गोधडी लावायची, मिट्ट अंधारात फिल्म डब्यात भरायची. मग डेव्हलपर, पाणी, हायपो आणि शेवटी अर्धा तास स्वच्छ पाणी.

मार्गशीर्षात झोडणी चालू असताना एका घरची आजी म्हणाली, "साहेब, खाचरांचं लई फोटू काढलं, माझा बी एक काढा की." तिने ठेवणीतले लुगडे नेसले, ओट्यावर बसली. मी चार फोटो काढले. घरी येऊन रोल धुतला, तो कोरा! फिल्मचे टोक पलीकडच्या रिळात अडकलेच नव्हते. आकडा पुढे सरकत होता, फिल्म जागची हलली नव्हती. चूक माझीच. रोल भरल्यावर खटका ओढताना गुंडाळायची कळ फिरते का, एवढे पाहिले असते तरी कळले असते.

पुढच्या फेरीला काढू, असे मनाशी म्हटले. ती फेरी होळीनंतर झाली. आजी माघातच गेली होती. मुलाने विचारले, "आईचा फोटू आणला का?" काय झाले ते मी खरे सांगितले. तो काही बोलला नाही, चहा मात्र ठेवला. तो चहा माझ्या घशाखाली उतरेना.

घरी येऊन आषाढातल्या लावणीच्या निगेटिव्ह दिव्यापुढे धरून पाहिल्या. एकीत दोरीवर रोपे लावणाऱ्या बायकांच्या रांगेत ती तिसरी होती. पाठीवर इरले, तोंड अर्धे झाकलेले, हात चिखलात. तेवढाच भाग मोठा करून नेऊन दिला. मुलगा बराच वेळ पाहत राहिला, मग म्हणाला, "हात तिचाच हाय." तो फोटो आजही त्या घरात आहे.

तुमच्या घरातही जुन्या ट्रंकेत, पाकिटात अशा पट्ट्या पडल्या असतील. फेकू नका. ओल लागली तर त्या एकमेकींना चिकटतात. कागदात सुट्या गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवा. बोटे कडेलाच लावा. आज मोबाइलच्या पांढऱ्या पडद्यावर पट्टी धरून दुसऱ्या मोबाइलने टिपली, तरी चेहरे ओळखू येतात.

आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाने फोटो मागितला, तर पुढच्या फेरीवर टाकू नका. त्याच दिवशी काढा आणि निघाला की नाही तेही पाहा.