एका घरात दोन चुली

पासवर्ड टाकायच्या चौकटीपाशी एक बारीकसं दातेरी चक्र असतं. वर्षानुवर्षं लिनक्स वापरणाऱ्यांचंही त्याच्याकडे लक्ष जात नाही. आपलं नाव दिसतं, पासवर्ड टाकायचा, आत जायचं. सवयीचा हात मध्ये कशाला थांबेल? पण त्या चक्रावर टिचकी मारली की एक छोटी यादी उघडते आणि यंत्र विचारतं, आज कुठल्या दाराने येणार? माझ्या जुन्या लॅपटॉपवर पूर्वी त्या यादीत सगळा ग्नोमचाच गोतावळा होता. आता तिथे एक्सएफसीई आहे, आणि त्याच्याखाली शुगर.

पावसाळ्यात पनवेल माणसाला घरात बसवतं. गाढी नदी फुगते, कर्नाळ्याचा सुळका ढगात जातो तो दोन-दोन दिवस दिसत नाही, दोरीवरचे कपडे सकाळी दमट, संध्याकाळी दमट. अशा दिवसांत कपाटातल्या विसरलेल्या वस्तू हाताला लागतात. तसाच हा लॅपटॉप लागला. चार जीबी मेमरी. बॅटरी मेलेली, म्हणून कायम वायरीला बांधलेला. त्यावरचं डेबियन लिनक्स ठणठणीत होतं, पण ग्नोम त्या जिवाला झेपत नव्हतं. चार खिडक्या उघडल्या की पंखा घरघरायचा आणि पडद्यावरचा बाण जागच्या जागी खिळायचा. गल्लीत भंगारवाल्याची आरोळी आली की माझी नजर आपसूक त्याच्याकडे वळायची.

खरं तर बिघडलं काहीच नव्हतं. लिनक्सच्या बाबतीत एक गोष्ट बाहेरच्यांना चटकन पटत नाही: समोर जे दिसतं ते लिनक्स नव्हे. खाली कर्नल, त्याच्यावर आज्ञा पाळणारी अवजारं, त्याच्यावर खिडक्या काढणारी यंत्रणा, आणि सगळ्यात वर आपल्याला दिसणारा चेहरा. ग्नोम, एक्सएफसीई, शुगर हे असेच चेहरे. दुकानातून घेतलेल्या संगणकाचा चेहरा घेतला तसा सांभाळायचा असतो. इथे तो उतरवून ठेवता येतो, दुसरा चढवता येतो, आणि खालच्या थरांना त्याचा पत्ताही लागत नाही.

टर्मिनल उघडलं आणि एका ओळीत अंगाने हलक्या एक्सएफसीईचं पॅकेज मागवलं. पडद्यावर ओळी सरसर वर सरकू लागल्या. फायली दाखवणारा थुनार आला, पट्टी आली, खिडक्यांच्या कडा रंगवणारा आला, आवाज कमी-जास्त करणारा आला. बाहेर पाऊस, आत या ओळी. दोन्हींची लय एकच वाटायला लागली. मध्येच एक चौकट येऊन विचारून गेली की दाराशी स्वागताला कोणाला बसवू, जीडीएम की लाइटडीएम? मी जुन्यालाच राहू दिलं. पुढे ओळी निम्म्यावर आल्या असतील-नसतील, आणि वीज गेली.

बॅटरी नसलेल्या यंत्राचा अशा वेळी जीवच जातो. वीज आली, लॅपटॉप उठला, मी पुन्हा आज्ञा दिली. त्याने सांगितलं की मागचं काम अर्धवट राहिलंय, आधी अमुक ओळ चालव. चालवली. जिथे सुटलं होतं तिथून त्याने धागा उचलला. कांगावा नाही, माफीनामा नाही. काय राहिलंय आणि ते कसं पुरं करायचं, दोन्ही एकाच वाक्यात. एवढा सरळपणा माणसांत दिसला तर मी त्यांना जेवायला बोलावते.

मग एका घरात दोन चुली मांडल्यावर जे व्हायचं ते झालं. फायली दाखवणारे दोन, टर्मिनलं दोन, साधा मजकूर लिहायचे संपादक दोन, आणि प्रत्येकाला वाटतं की टिचकी मारताच उघडण्याचा मान आपला. ग्नोमचं घड्याळ वर मधोमध, एक्सएफसीईचं उजव्या कोपऱ्यात. पण होम नावाचा माझा फोल्डर तसूभर हलला नव्हता. फोटो, विजेची बिलं, अर्धे लिहून सोडलेले लेख, सगळं होतं तिथेच. दोघींनी आपापली भांडी तेवढी वेगळी ठेवली होती, टिंबाने सुरू होणाऱ्या, एरवी न दिसणाऱ्या फोल्डरांत. पंखा मात्र शांत झाला होता.

हे इतके चेहरे आले कुठून, याची गोष्ट जुनी आहे आणि तिच्यात भांडणं भरपूर आहेत. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये जगापुढे ठेवला तो नुसता कर्नल. चेहरा इतरांनी घडवला. ऑक्टोबर १९९६ मध्ये ट्यूबिंगेनच्या मथियास एट्रिश या विद्यार्थ्याने केडीईची हाक दिली, कारण युनिक्सवरचा प्रत्येक प्रोग्रॅम वेगळा दिसायचा आणि वेगळा वागायचा. त्याच वर्षी ऑलिव्हिए फूर्दां या फ्रेंच माणसाने एक्सएफसीई सुरू केलं. केडीई ज्या क्यूटी नावाच्या साधनसंचावर उभं होतं, ते नॉर्वेच्या ट्रोलटेक कंपनीचं, आणि त्याचा परवाना तेव्हा पुरता मुक्त नव्हता. ते न रुचलेल्या मिगेल दे इकासा आणि फेदेरिको मेना या दोघा मेक्सिकनांनी ऑगस्ट १९९७ मध्ये ग्नोमची पायाभरणी केली. पुढे २००० साली क्यूटीही जीपीएल या मुक्त परवान्याखाली आलं, म्हणजे भांडणाचं मूळच उपटलं गेलं. तरी दोन्ही घरं नांदतच राहिली.

सगळ्यात कडू प्रसंग एप्रिल २०११ चा. ग्नोमची तिसरी आवृत्ती आली ती खालची पट्टी काढून, खिडकी खाली दडवायचं बटण काढून, पडद्यावरची चिन्हं पुसून. लोक भडकले. खुद्द टोरवाल्ड्स काही काळ एक्सएफसीईकडे राहायला गेला. अर्जेंटिनातल्या एका वापरकर्त्याने ग्नोमच्या दुसऱ्या आवृत्तीची संहिता उचलली आणि पुढे चालवली. तिकडच्या एका पाल्याच्या पेयावरून तिला माटे नाव दिलं. लिनक्स मिंटवाल्यांनी सिनॅमन घडवलं. एरवी घरातून रुसून जाणारा माणूस पिशवी घेऊन जातो. हे लोक अख्खं जुनं घर बरोबर घेऊन गेले, आणि परवान्यानुसार तो त्यांचा हक्कच होता.

एवढ्या लोकांनी मिळून एकच झकास चेहरा का घडवू नये, असं दर वेळी कोणीतरी शहाणा विचारतो. प्रश्न रास्त आहे. तीच घड्याळं, तेच कॅलक्युलेटर पुन्हा पुन्हा लिहिण्यात श्रम वाया जातात, हेही खरं. आणि ग्नोमवाले निम्मे बरोबर होते, असं माझं मत आहे. त्यांची ती उघडीबोडकी मांडणी नव्या यंत्रावर छानच वाटते. पण माझं यंत्र जुनं होतं. एकच चेहरा असता, तर तो कितीही देखणा असो, माझा लॅपटॉप भंगारवाल्याच्या हातगाडीवर गेला असता.

चेहरा बदलण्याबद्दल पनवेलकरांना वेगळं सांगायला नको. १८५२ पासूनची नगरपालिका २०१६ मध्ये महापालिका झाली. वाड्यांच्या जागी लिफ्टच्या इमारती आल्या. विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली, नदीचं पात्र वळवलं, दहा गावं उठवली. ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं. तो हवा होता की नको, यावर माझ्याच घरात दोन मतं आहेत. पण उठलेल्या गावातल्या म्हातारीला जुन्या ओटीवर परत जाऊन बसता येत नाही. गावाची आणि लॅपटॉपची बरोबरी मला करायची नाही, ती बरी दिसणार नाही. एवढंच, की जुनं नाव यादीत तसंच ठेवून खाली नवं नाव जोडलं जाणं ही केवढी चैन आहे, ते इथे राहून जास्त कळतं.

चैनीसाठीही थोडी झळ सोसावी लागते. नव्या दाराने आत गेले तर मराठी उमटेना. ग्नोममध्ये सुपर आणि स्पेस दाबलं की कळफलक बदलायचा. इथे आयबस वेगळं बसवावं लागलं. १९९१ मध्ये भारतीय मानक ठरलेला इनस्क्रिप्ट कळफलक बोटांत मुरलेला, त्यामुळे पहिली परीक्षा नेहमीची: एच, व्ही, बी, एस, एन. पनवेल. मग शिफ्ट धरून जे, म्हणजे ‘तऱ्हा’मधला ऱ. दोन्ही नीट उमटले, लोहित फॉन्टमध्ये. हे लोहित पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवले आणि रेड हॅटने २००४ मध्ये सगळ्यांसाठी खुले केले. चेहरा जर्मन असो की फ्रेंच, त्याच्या तोंडी आपली अक्षरं अशा कोणा-कोणाच्या मेहनतीतून आली आहेत.

राहता राहिलं शुगर. त्याचं नाव मी ऐकलं होतं ते आमच्या रायगड जिल्ह्यामुळे. ‘दर मुलामागे एक लॅपटॉप’ ही निकोलस नेग्रोपाँटे यांची योजना केंद्राच्या शिक्षण खात्याने २००६ मध्ये नाकारली होती. तरी २००७ मध्ये खैराटच्या धनगरवाड्यावरच्या एकशिक्षकी शाळेत ते हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप आले. साडेसात इंची पडदा, भर उन्हातही वाचता येणारा. आणि त्यावर चेहरा शुगरचा, म्हणजे टेबल, फायली, कचऱ्याची टोपली असलं कारकुनी सामान न दाखवणारा. मधोमध एक रंगीत माणूस, भोवती गोलात करायच्या गोष्टी. केलेलं सगळं आपोआप रोजनिशीत जातं. शेजार नावाच्या दृश्यात वर्गातली बाकीची पोरं तशाच रंगीत माणसांसारखी दिसतात. ज्याने कचेरी कधी पाहिली नाही, त्याच्यापुढे कचेरी का मांडावी, हा त्यामागचा विचार मला आजही बिनतोड वाटतो. योजनेचं पुढे फारसं भलं झालं नाही. २०१२ मध्ये पेरूतल्या शाळांच्या मोठ्या अभ्यासात मुलांच्या गणित आणि भाषेच्या गुणांत काही फरक दिसला नाही. त्याआधीच, २०१० च्या सुमारास, नव्या एक्सओवर शुगरच्या जोडीला ग्नोमही देऊ लागले होते. मोठ्या मुलांनी सेटिंग्जमध्ये जायचं आणि चेहरा बदलायचा.

चौथीतली माझी भाची सुट्टीत आली, तेव्हा मी तिला शुगरपुढे बसवलं.

“मावशी, यात फोल्डर कुठंय?”

“नाहीये.”

“मग चित्र ठेवायचं कुठं?”

“ठेवायचं नाही. तू काढ, ते राहतं.”

तिला हे लबाडीचं वाटलं. बंद करून, पुन्हा सुरू करून तिने खात्री केली. मग कासवाच्या खेळात रमली; ठोकळे जोडायचे आणि कासवाला चौकोन काढायला लावायचा. एक चौकोन काढून झाला की थोडं वळायचं, पुन्हा चौकोन. संध्याकाळपर्यंत चौकोनांचं फूल झालं होतं. शाळेचा निबंध टाइप करायला मात्र ती एक्सएफसीईतच गेली. शुगरमध्ये शिस्तीचं काम होत नाही, असा तिचा शेरा.

तुमच्याकडेही असा एखादा थकलेला लॅपटॉप असेल, तर भंगारात द्यायच्या आधी त्याला एकदा एक्सएफसीई दाखवा. घरात मूल असेल तर शुगरही टाका. डेबियनच्या भांडारात ते सुक्रोज या नावाने मिळतं. नको झालं तर पॅकेज काढून वर ऑटोरिमूव्हची आज्ञा द्या, नाहीतर निम्मी भांडी मागेच राहतात. आणि सुरुवात करायच्या आधी महत्त्वाच्या फायलींची प्रत पेन ड्राइव्हवर घ्या. पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल, काही सांगता येत नाही.