सार्वजनिक आरोग्याचे ऑनलाइन अध्यापन : पन्हाळा तालुक्यातील अनुभव

सार्वजनिक आरोग्य म्हणजे एकेका रुग्णावरील उपचार नव्हे, तर संपूर्ण वस्ती आजारी पडू नये यासाठी पाणी, स्वच्छता, लसीकरण आणि रोगसर्वेक्षण या मार्गांनी केलेले संघटित काम होय. साहजिकच या विषयाचे शिक्षण माहितीपाशी थांबत नाही, ते हातात उतरावे लागते. एप्रिल 2020 मध्ये केंद्र शासनाने करोनाशी लढणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी ‘दीक्षा’ या व्यासपीठावर ‘आयगॉट’ प्रशिक्षण सुरू केले आणि त्यानंतर मोबाइलवरचा वर्ग आरोग्य खात्यात नवलाईचा राहिला नाही. मात्र पडद्यावरून कृती शिकवता येते का, हा प्रश्न पन्हाळा तालुक्यातील आशा आणि आरोग्यसेविका यांना शिकवताना प्रस्तुत लेखिकेसमोर सतत उभा राहिला.

या तालुक्याच्या पूर्वेस कोडोलीकडे उसाचा पट्टा आहे, तर पश्चिमेस बाजारभोगावकडे डोंगर, विखुरलेल्या वाड्या आणि पावसाळ्यात पात्राबाहेर येणारी कासारी नदी आहे. जुलै 2021 च्या अतिवृष्टीत पन्हाळगडावर जाणारा मुख्य रस्ताच खचला होता. अशा दिवसांत कर्मचाऱ्यांना प्रशिक्षणासाठी एका जागी बोलावणे अवघड असते, आणि नेमका त्याच काळात अतिसार, कावीळ आणि उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्या-चिखलातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस यांचा धोका वाढलेला असतो. ऑनलाइन वर्गाची खरी गरज येथेच आहे. वाड्यांवर रेंज टिकत नसल्यामुळे थेट व्याख्याने कमी करून लहान चित्रफिती आधीच पाठवणे आणि थेट तास केवळ चर्चेसाठी राखणे सोयीचे ठरले.

अध्यापनाचा कस लागला तो ‘ओटी’ चाचणीत. पाण्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, घातल्यानंतर जंतू मारूनही जो क्लोरीन शिल्लक राहतो, तो ऑर्थोटोलिडिन या द्रावणाच्या थेंबांनी पिवळा रंग दाखवतो आणि त्या रंगाची छटा तक्त्याशी जुळवून प्रमाण ठरवले जाते. भारतीय मानकानुसार ते लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम असावे लागते. प्रश्नावलीत हे उत्तर बहुतेकींनी अचूक दिले. परंतु प्रत्येकीने आपल्या गावच्या नळावर चाचणी करून चित्रफीत पाठवल्यावर असे दिसले, की काही जणी थेंब टाकल्यावर नळी बाजूला ठेवून आधी वहीत नोंद करत होत्या. मुक्त क्लोरीनचे वाचन पहिल्या दहा सेकंदांतच घ्यावे लागते, कारण नंतर अमोनियासारख्या घटकांशी संयोग पावलेला, जंतूंवर मंद परिणाम करणारा क्लोरीनही रंग देऊ लागतो आणि अपुरे शुद्ध झालेले पाणी सुरक्षित भासते. हा दोष लेखी परीक्षेतून कधीच समजला नसता.

पुढील चर्चेत एका सेविकेने टाकीजवळच्या नळावर रंग येतो, पण शेवटच्या वाडीत येत नाही, अशी नोंद मांडली. त्यावर इतरजणींनी पावडर जुनी असल्यास तिची शक्ती घटते, लांब जलवाहिनीत क्लोरीन संपत जातो आणि गळतीतून घाण पाणी आत शिरते, या तिन्ही शक्यता आपापल्या गावच्या अनुभवावरून तपासल्या. न्यू मेक्सिकोत डॉ. संजीव अरोरा यांनी 2003 मध्ये सुरू केलेल्या ‘एको’ प्रकल्पाचे तत्त्व हेच आहे, की दूरस्थ कर्मचाऱ्याने स्वतःसमोरील प्रकरण मांडावे आणि सर्वांनी त्यातून शिकावे.

यावरून निष्पन्न होते ते एवढेच, की ऑनलाइन अभ्यासक्रमाची प्रयोगशाळा संगणकात नसून शिकणाऱ्याच्या गावात असते. चित्रफीत शेवटपर्यंत पाहिली म्हणून प्रमाणपत्र देण्याची पद्धत सोपी असली, तरी तिने पाणी शुद्ध होत नाही. शेवटच्या वाडीतील नळाची नोंद, त्यावर ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाशी झालेले बोलणे आणि दुरुस्तीनंतरची फेरतपासणी, यांवर गुण दिले गेले, तरच अशा शिक्षणाला सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण म्हणता येईल.