पत्र्याच्या ट्रंकेतलं मंगळसूत्र

१९८६ साली मी नाशिकला कॉलेज रोडवर शिकत होते. खोलीत आम्ही चौघी. एकीच्या पत्र्याच्या ट्रंकेत, स्वेटरांच्या घडीखाली, एक खोटं मंगळसूत्र असायचं. जिला बायकांच्या डॉक्टरकडे जायचं असेल तिनं ते घालून जायचं.

त्याला कारण घडलं होतं. आमच्यातल्या एकीच्या अंगावरून पांढरं जायचं, खाज सुटायची. दोन महिने तिनं दुखणं अंगावर काढलं. शेवटी मी तिला एका खासगी दवाखान्यात घेऊन गेले. नाव लिहून घेणाऱ्या बाईंनी भरल्या बाकांसमोर विचारलं, "लग्न झालंय का?" मैत्रीण उठली ती थेट रस्त्यावर. पुढच्या आठवड्यात आम्ही मेन रोडवरून ते काळ्या मण्यांचं मंगळसूत्र आणलं आणि दुसरा दवाखाना गाठला. आठ दिवसांच्या गोळ्यांनी ती बरी झाली. एवढंच तर होतं!

त्या खोलीतल्या रात्री मात्र अजून आठवतात. डॉ. विठ्ठल प्रभूंचं 'निरामय कामजीवन' वर्तमानपत्राचं कव्हर घालून खोल्याखोल्यांतून फिरायचं. वातीच्या स्टोव्हवर चहा, दाराला कडी, आणि एकीनं हळू आवाजात वाचायचं. पाळीचे दिवस कसे मोजायचे, गर्भ कसा राहतो, हे मला आईनं नाही, त्या पुस्तकानं सांगितलं. शंका उरायच्याच, पण त्या चौघींच्या असायच्या.

र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं ते १९२१ साली. पासष्ट वर्षांनंतरही आम्ही कडी लावूनच वाचत होतो, याचा मला आजही राग येतो. भिंतीभिंतींवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण रंगवलेला असे, पण तो संसार थाटलेल्यांसाठी. १९७१च्या गर्भपात कायद्यातही गर्भनिरोधक साधन फसल्याचं कारण फक्त विवाहितेलाच सांगता येई. २०२१च्या दुरुस्तीनं त्या जागी 'कोणतीही स्त्री' आली, नवऱ्याच्या जागी जोडीदार आला. सप्टेंबर २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चोवीस आठवड्यांच्या मुदतीतूनही अविवाहितांना वगळता येणार नाही, असं सांगितलं.

माझी भाची आता गंगापूर रोडवर शिकते. वय वीस. एचआयव्हीची तपासणी सरकारी केंद्रात फुकट होते, आधी समुपदेशक बोलतो, १०९७ या हेल्पलाइनला फोन करता येतो, हे सगळं तिला पाठ आहे. सरकारी दवाखान्यांतली 'मैत्री' क्लिनिकं दहा ते एकोणीस वयासाठी. ती नेमकी त्यापुढे गेलेली. तिच्या कॉलेजात १ डिसेंबरला, एड्स दिनी, लाल फीत लावतात, पण एरवी दार लोटून जिच्याशी बोलावं अशी कुणी बाई तिथे बसत नाही. ती मोबाईलवर शोधते, एकटीच. आमच्या कडी लावलेल्या खोलीतली सोबत तेवढी तिच्या वाट्याला यायला हवी होती.

गेल्या महिन्यात तिची पाळी लांबली. "मावशी, येतेस का सोबत?" म्हणाली. गेलो. डॉक्टरांना खरं तर विचारायचं असतं शरीरसंबंध आलाय का, कारण औषध त्यावर ठरतं, लग्नावर नाही. तरी आत पहिला प्रश्न लग्नाचाच आला, असं तिनं नंतर सांगितलं.

"मग?"

"नाही म्हटलं. मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, त्याचंही उत्तर दिलं."

मी बाहेर बाकावर बसले होते. आतलं एक अक्षरही बाहेर ऐकू आलं नव्हतं.