समीकरण हौशी, कसोटी तीच

ऊर्जा आणि गती यांचा संबंध नव्याने मांडणारी हौशी समीकरणे बहुधा एकाच जागी अडखळतात. वेग दुप्पट झाला की ऊर्जाही दुप्पट, असे त्यांत गृहीत धरलेले असते. ही चूक क्षुल्लक नाही. देकार्तही गतीचे माप वेगाच्या प्रमाणातच मोजत होता. १६८६ मध्ये लायबनिट्सने वेगाचा वर्ग घ्यावा असे मांडले आणि युरोपभर वाद पेटला. वकिलीतून भौतिकशास्त्राकडे वळलेल्या ख्राव्हेसांडे या डच अभ्यासकाने पितळी गोळे मऊ मातीत टाकून पाहिले. वेग दुप्पट असलेला गोळा चौपट खड्डा पाडत होता. दोन्ही बाजूंना आपापल्या जागी अर्थ आहे, हे पुढे उलगडले: बल किती वेळ लावले यावरून संवेग बदलतो, किती अंतरावर लावले यावरून ऊर्जा.

भंडाऱ्याजवळच्या शहापूरला वेगाच्या वर्गाचे हेच गणित नागपूर महामार्गावर करता येते. कोरड्या डांबरावर ताशी ४० किलोमीटर वेगाची मोटारसायकल करकचून ब्रेक दाबल्यावर साधारण ९ मीटरवर थांबत असेल, तर ८० च्या वेगाला ३५ मीटरच्या आसपास लागतात. ब्रेक दाबण्याआधी चालकाचा जो क्षण जातो, तो वेगळाच.

समीकरण तपासताना आधी एकके पाहावीत. ज्यूल म्हणजे किलोग्रॅम गुणिले मीटरचा वर्ग, भागिले सेकंदाचा वर्ग. उजवीकडे हे जमत नसेल तर वाद तिथेच संपतो. प्रयोगाचीही गरज उरत नाही. एकके जुळली म्हणून मात्र समीकरण खरे ठरत नाही, कारण गतिज ऊर्जेतले 'अर्धे' एककांतून दिसत नाही. ते हवे असेल तर नववीच्या पुस्तकातले गतीचे तिसरे समीकरण घ्यावे आणि दोन्ही बाजूंना निम्म्या वस्तुमानाने गुणावे. बल गुणिले अंतर ही राशी, म्हणजेच कार्य, आपोआप समोर येते.

'हौशी' हा शब्द दूषण म्हणून वापरू नये. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मांडणाऱ्यांत मायर हा डॉक्टर होता आणि ज्यूल मद्यनिर्मितीच्या घरधंद्यातला. ज्यूलने खाली उतरणारी वजने वापरून पाण्यात पाती फिरवली, पाणी किती तापले ते मोजले आणि आकडे जगापुढे ठेवले. नव्या समीकरणासोबत नेमके हेच नसते.

उलट, थोर नाव असले तरी नियम सूट देत नाही. भास्कराचार्यांनी ११५० च्या 'सिद्धान्तशिरोमणी'त आऱ्यांत पारा भरलेल्या, आपोआप फिरणाऱ्या चाकाचे वर्णन केले आहे. चाळीसगावजवळच्या पाटण्याला त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी नातू चांगदेवाने मठ काढला, इतका त्यांचा अधिकार. पण एका फेरीत पारा जितका खाली येतो तितकाच वर चढवावा लागतो. घर्षणाला द्यायला काही शिल्लक राहत नाही. अशा यंत्राला आज एकस्वही मिळत नाही. प्रस्थापित निसर्गनियमांच्या उघड विरोधात जाणारा दावा भारतीय पेटंट कायदा, १९७० च्या कलम ३(अ) नुसार शोध मानलाच जात नाही.