मामा, जुनाच गेम लावू

परवा रविवारी शिरूरहून एस.टी.नं दौंडला ताईकडे गेलो, तर भाचा रुसून बसलेला. त्याला कॉम्प्युटरवरचा फुटबॉलचा नवा गेम हवा होता आणि किंमत ऐकून ताईनं कानांवर हात ठेवले होते.

"अरे, मागचा आहे ना?"

"आहे मामा. नव्यात तरी काय असतं? शर्ट बदलतात, खेळाडू बदलतात. पण मित्र सगळे नवाच खेळतात."

मी कारकून माणूस, हिशेबातली गोम लगेच कळली. ईए कंपनी १९९३ पासून हा ‘फिफा’ गेम दर वर्षी काढत आली. २०२३ मध्ये फक्त नाव बदलून ‘ईए स्पोर्ट्स एफसी’ झालं. वर्षभरात नवं घालणार तरी किती? वर २००९ पासून खेळाडूंची पाकिटं विकायची सोय. गिऱ्हाईक बांधलेलं असलं, की माल सुधारायची घाई कुणाला? मारिओ १९८५ चा, तरी २०२३ च्या ‘वंडर’चं कौतुकच झालं. पण तो काही दर वर्षी येत नाही!

ईएचाच ‘क्रिकेट ०७’ घ्या. २००६ मध्ये आला आणि पुढं मालिकाच बंद. त्यात आपल्या खेळाडूंची खरी नावंसुद्धा नव्हती, परवाना इंग्लंड-ऑस्ट्रेलियाचा. ती नावं पोरांनी स्वतः बसून टाइप केली. नंतर हौशी मंडळींनी नवे संघ, आयपीएलचे कपडे, सगळं फुकट जोडलं. म्हणून तो अजून खेळला जातो.

भाच्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर तो होताच. दोघं बसलो. ताई चहा घेऊन आली, तिनंही स्कोअर विचारला. संध्याकाळची एस.टी. चुकली, तेव्हा मी सव्वीस धावांनी मागं होतो.